बॅकअप आहे, पण तो परत उभा राहतो का?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर केलेले भाषण)



संगणकातील नोंदींच्या सुरक्षिततेविषयी मी आपल्यासमोर दोन शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची सूचना आहे. विषय रूक्ष आहे हे मला ठाऊक आहे. रुग्णवाहिका आली की तिच्यापुढे नारळ फुटतो, नवा कक्ष उभा राहिला की कोनशिला बसते, यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, आणि ते योग्यच आहे. मात्र रात्री तयार होणाऱ्या बॅकअपवर कोणाच्या नावाची पाटी लागल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. जे दिसत नाही त्यासाठी पैसा आणि वेळ मागणे अवघड असते. तरीही आज मी तेच मागण्यासाठी उभा आहे, म्हणून थोडे सविस्तर बोलण्याची अनुमती घेतो.

आपल्या सर्व्हरमध्ये नेमके काय असते, ते प्रथम पाहू. बाह्यरुग्ण विभागातील केसपेपर, आंतररुग्णांच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधभांडारातील साठा, बिले, देणग्यांच्या पावत्या हे सर्व आज एकाच डेटाबेसमध्ये आहे. पूर्वी यांपैकी प्रत्येकाची स्वतंत्र वही होती. एका वहीवर चहा सांडला तरी बाकीच्या शाबूत राहत. आता सोय वाढली आणि तिच्याबरोबर जोखीमही एकवटली.

ही जोखीम सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या रुग्णाजवळ जुन्या अहवालांची फाइल असते, मोबाइलमध्ये छायाचित्रे असतात आणि कुटुंबाच्या डॉक्टरांकडेही काही नोंदी असतात. आमची माहिती गेली तर त्याची गैरसोय होईल. त्याहून अधिक काही होणार नाही. पण कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील कातकरी कुटुंबाचा विचार करा. दिवाळी झाली की ही माणसे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरच्या पालात कागद टिकत नाही. समजा, त्या घरातील एखाद्या मातेचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह आहे आणि मूल आर-एच पॉझिटिव्ह जन्मले. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डी इंजेक्शन मिळाले की नाही, यावर तिच्या पुढच्या बाळाचे बरेच काही अवलंबून असते. दोन वर्षांनी ती पुन्हा गरोदर होऊन आपल्याकडे येते, तेव्हा मागच्या वेळी काय घडले याची एकमेव लेखी नोंद आपल्याकडेच असते. तिच्याकडे दुसरी प्रत नाही. तिची प्रत आपण सांभाळतो आहोत.

कायद्याचाही भाग आहे. तो थोडक्यात सांगतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वळती करून तिचा हिशेब द्यावा लागतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे दाखल करावे लागते. आपल्या हाती पडणारे देणगीचे प्रमाणपत्र त्याच विवरणावरून निघते. सांगायचे एवढेच, की सर्व्हर गेला तर केवळ डॉक्टर अडत नाहीत, विश्वस्तही अडतात आणि देणगीदारही.

यावर सर्वसाधारण उत्तर असे येते : ‘पण आपण रोज बॅकअप घेतो ना!’ होय, घेतो. रात्री ठरलेल्या वेळी संगणक डेटाबेसची एक प्रत तयार करतो, ती दुसऱ्या डिस्कवर ठेवतो आणि पडद्यावर ‘काम पूर्ण झाले’ असा संदेश देतो. या संदेशाचा अर्थ फार मर्यादित आहे. एक फाइल तयार झाली, इतकेच तो सांगतो. ती फाइल पूर्ण आहे का, तिच्यातील मजकूर वाचता येतो का, दुसऱ्या संगणकावर तिच्यापासून पुन्हा चालता डेटाबेस उभा करता येतो का, आणि येत असल्यास किती तासांत, या प्रश्नांची उत्तरे त्या संदेशात नसतात. ती मिळवण्याचा मार्ग एकच : प्रत खरोखर परत उभी करून पाहायची. संगणकाच्या भाषेत यालाच रिस्टोअर म्हणतात.

ही गोष्ट आपल्या भागातील शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. कशेळे हा भाताचा मुलूख. येथील ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने धान्यकोशाचे आणि भाताच्या स्थानिक वाणांच्या जतनाचे काम केले आहे आणि कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेली भाताची वाणे कोकणभर पेरली जातात. कणगीत बियाणे भरून ठेवले म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणी झाली, असे कोणीही शहाणा शेतकरी मानत नाही. बियाणे वरून जसेच्या तसे दिसते. आत कीड लागलेली असते, ओल शिरलेली असते किंवा जीवच गेलेला असतो. म्हणून राब भाजून झाला, की पेरणीपूर्वी जाणती माणसे मोजून शंभर दाणे काढतात, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी किती मोडले ते मोजतात. प्रमाणित भात-बियाण्यासाठी उगवणीची किमान मर्यादा ८० टक्के ठरलेली आहे. उगवण कमी निघाली तर दुसरे बियाणे शोधायला अजून अवधी असतो. तेच पेरल्यानंतर कळले तर हंगाम जातो. आपल्या बॅकअपची उगवण आपण तपासतो का, इतकाच माझा प्रश्न आहे.

बियाण्यांची गोष्ट निघालीच आहे, तर थोडे विषयांतर करतो. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर २००८ मध्ये जगभरच्या बियाण्यांचे एक भूमिगत कोठार सुरू झाले. सीरियात अलेप्पोजवळ कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था होती. तिने आपल्या संग्रहाच्या प्रती त्या कोठारात ठेवल्या होत्या. युद्धामुळे मूळ ठिकाणी काम करणे अशक्य झाले, तेव्हा २०१५ मध्ये तिने आपले बियाणे परत मागितले. त्या कोठारातून झालेली ती पहिली उचल. लेबनॉन आणि मोरोक्को येथे ते पेरून वाढवले आणि २०१७ मध्ये त्याचा नवा साठा पुन्हा स्वालबार्डला पाठवला. ते बियाणे पेरून उगवले, तेव्हाच त्या कोठाराचा उपयोग सिद्ध झाला.

आता संगणकाकडे वळतो. ज्यांचा व्यवसायच संगणक आहे, त्यांच्याकडे असे घडत नसेल, असा आपला समज असतो. गिटलॅब या कंपनीचे उदाहरण मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण तिने स्वतःच सर्व हकिगत जगापुढे मांडली. जगभरचे संगणक-अभियंते आपल्या कामाच्या नोंदी ज्या ठिकाणी ठेवतात, असे स्थळ ही कंपनी चालवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेस पुसण्याची आज्ञा दिली. चूक क्षणार्धात लक्षात आली. त्याने आज्ञा थांबवलीही. तोवर सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी साडेचारच्या आसपास उरली होती.

येथवरची गोष्ट कोणाच्याही बाबतीत घडू शकते. पुढची अधिक विचार करायला लावणारी आहे. माहिती सुरक्षित ठेवण्याच्या एकूण पाच व्यवस्था या कंपनीत होत्या. एकेक तपासली तेव्हा कळले, की त्या प्रसंगी कोणतीच धडपणे उपयोगी पडणारी नाही. दररोजचा बॅकअप ज्या ठिकाणी साठायला हवा होता ती जागा रिकामी होती. प्रत काढणाऱ्या साधनाची आवृत्ती जुनी आणि डेटाबेसची नवी होती, त्यामुळे ते साधन दररोज त्रुटी दाखवून थांबत असे. ही त्रुटी ई-मेलने कळवण्याची सोय होती. पण ती पत्रे पोचण्याऐवजी नाकारली जात होती. म्हणजे बॅकअप होत नव्हता, होत नसल्याचा निरोपही जात नव्हता, आणि निरोप येत नाही म्हणून सर्व ठीक आहे अशी सर्वांची समजूत होती. अखेर त्याच अभियंत्याने अपघाताच्या सुमारे सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी सहज म्हणून काढलेली एक प्रत हाती लागली. ती मुख्य सर्व्हरवर आणायलाही बरेच तास लागले, कारण ती संथ डिस्कवर होती. सेवा पूर्ववत व्हायला सुमारे १८ तास गेले. सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. सुमारे पाच हजार प्रकल्पांना आणि सातशे नव्या खातेदारांना त्याची झळ बसली.

कंपनीने नंतर जो अहवाल प्रसिद्ध केला त्यातील एक कबुली मला फार मोलाची वाटते. बॅकअप परत उभा करून पाहण्याची चाचणी नियमितपणे का होत नव्हती, या प्रश्नाला तिचे उत्तर होते की ते काम नेमून दिलेले कोणीच नव्हते. सर्वांचे काम असल्यामुळे ते कोणाचेच राहिले नाही. सार्वजनिक संस्थांत काम केलेल्या आपणा सर्वांना हे वाक्य परके वाटू नये.

रुग्णालयाच्या बाबतीत आपल्या देशातील सर्वांत ठळक उदाहरण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीसाठी संगणक कुलूपबंद करणाऱ्यांनी त्या संस्थेच्या पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती वाचता न येण्याजोगी करून टाकली. नोंदणी, दाखला, प्रयोगशाळा असे सर्व व्यवहार हातानेच कागदावर करावे लागले. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे ज्या बॅकअप सर्व्हरला बाधा झाली नव्हती त्यावरून रुग्णालयाच्या प्रणालीची माहिती परत मिळाली. ती नव्या सर्व्हरवर चढवली गेली आणि बहुतेक कामे दोन आठवड्यांनी सुरू झाली. या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येते. बॅकअप होता म्हणून माहिती वाचली, हे समाधान आहेच. परंतु देशातील अग्रगण्य रुग्णालयाला, सरकारी तज्ज्ञांची मदत असतानाही, दोन आठवडे लागले हेही तितकेच खरे. बॅकअप असणे आणि उद्या सकाळी ओपीडी सुरू होणे, यांच्यामध्ये किती अंतर असू शकते ते यावरून समजते.

आपल्या महाराष्ट्रात २१ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर असाच हल्ला झाला आणि महामंडळाच्या ऑनलाइन सेवा बंद पडल्या. बॅकअपच्या फाइली जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या असल्यामुळे त्यांना संसर्ग झाला नाही, असे महामंडळाने तेव्हा जाहीर केले. ‘वेगळ्या भागात’ हे शब्द लक्षात ठेवावेत. बॅकअपची डिस्क सर्व्हरला चोवीस तास जोडलेली असेल, तर सर्व्हरला होणारा रोग तिलाही होतो. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी माहिती-केंद्राला आग लागली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या कामाच्या ८५८ टेराबाइट फाइली गेल्या. त्यांची बाहेर प्रतच नव्हती. साठा फार मोठा असल्यामुळे प्रत ठेवली नाही, असे कारण देण्यात आले.

आपल्याकडे आग आणि हल्लेखोर यांच्याही आधी पाणी येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसाने आपल्या रायगड जिल्ह्यात महाडच्या बाजूला दरडी कोसळल्या आणि उल्हास नदीच्या काठच्या गावांत पाणी शिरले. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पुन्हा पाण्यात गेले. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच खोलीतील कपाटाच्या खालच्या फळीवर, अशी रचना असेल, तर दोन प्रती असूनही पाण्याच्या दृष्टीने ती एकच प्रत असते.

प्रत हाती असूनही ती परत उभी का राहत नाही, याची कारणे बहुधा अगदी साधी असतात. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली नुसत्या उचलून दुसरीकडे ठेवल्या, तर अर्धी नोंद जुनी आणि अर्धी नवी अशी विसंगत प्रत तयार होऊ शकते. त्यासाठी डेटाबेसच्या स्वतःच्या साधनानेच प्रत काढावी लागते. केसपेपर डेटाबेसमध्ये असतात, पण एक्स-रेची चित्रे आणि स्कॅन केलेली संमतिपत्रे वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. बॅकअपमध्ये त्या फोल्डरचे नाव घालायचे राहून जाते. प्रत कुलूपबंद करून ठेवलेली असते, पण तिचा परवलीचा शब्द ज्या संगणकात आहे तोच बिघडलेला असतो. रुग्णालयाचे सॉफ्टवेअर चालण्यासाठी सर्व्हरच्या पाठीमागे लावलेली एक छोटी कळ लागते. नव्या संगणकावर ती चालत नाही आणि पुरवठादाराचा दूरध्वनी रविवारी लागत नाही.

एक कारण खास आपल्या मराठीचे आहे, आणि बाहेरचे तज्ज्ञ ते सहसा सांगत नाहीत. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक संस्थांनी मराठी नावे श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींच्या फाँटमध्ये टंकित केली. त्या नोंदी संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांचीच एक विचित्र जुळणी असते. तो विशिष्ट फाँट असेल तरच पडद्यावर मराठी दिसते. नव्या संगणकावर प्रत उभी केली, की एकही त्रुटी दाखवली जात नाही, नोंदींची संख्या बरोबर भरते, आणि नावाच्या जागी मात्र अर्थहीन चिन्हांची माळ असते. युनिकोडमधील नोंदीही सुरक्षित नसतात. प्रत काढताना किंवा चढवताना लिपीची मांडणी चुकीची निवडली गेली, तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. फाँटच्या बाबतीत निदान फाँट शोधून आणता येतो. एकदा प्रश्नचिन्ह झाल्यावर मात्र त्यामागचे अक्षर परत मिळत नाही. ही चूक कोणताही संगणक स्वतःहून सांगणार नाही, कारण त्याच्या लेखी प्रश्नचिन्ह हेही एक अक्षरच आहे. ती पकडायला मराठी वाचणारे डोळे लागतात. म्हणून रिस्टोअरची तपासणी संगणक-तंत्रज्ञावर सोडून चालत नाही. तेथे केसपेपर खिडकीवरील आपल्या भगिनीने बसून नावे वाचायला हवीत.

परत उभी राहिलेली प्रत मूळ मजकुराशी ताडून पाहावी लागते, ही जाण आपल्या भाषेला नवी नाही. महानुभाव परंपरा सांगते, की म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे सिद्ध केलेले लीळाचरित्र पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नष्ट झाले आणि अनुयायांनी ते आपापल्या पाठांतरातून पुन्हा उभे केले. हिराइसेची पाठ त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. ग्रंथ वाचला, पण पाठांपाठांत भेद राहिले आणि कोणता पाठ मूळचा याची चर्चा अभ्यासकांना आजवर करावी लागते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, तीही अनेक प्रती ताडून पाहिल्यानंतरच. ग्रंथाच्या पाठभेदावर पिढ्यान्‌पिढ्या चर्चा होऊ शकते. औषधाच्या मात्रेतील पाठभेदाला मात्र तेवढी सवड नसते.

आता प्रत्यक्ष प्रस्तावाकडे येतो. विश्वस्त मंडळाकडे माझी मागणी एका जादा संगणकाची, दर तीन महिन्यांनी एका सकाळची आणि एका जबाबदार व्यक्तीच्या नावाची आहे. संगणक नवा असण्याची आवश्यकता नाही. तो रुग्णालयाच्या जाळ्याला आणि इंटरनेटला जोडलेला नसावा, इतकेच. ठरलेल्या सकाळी बाहेर ठेवलेली बॅकअपची डिस्क आणायची आणि आपला सर्व्हर जगातच नाही असे समजून, केवळ त्या डिस्कच्या आणि लिहून ठेवलेल्या सूचनांच्या आधारे, त्या संगणकावर संपूर्ण प्रणाली उभी करायची. सुरुवात केल्यापासून पहिला केसपेपर पडद्यावर दिसेपर्यंत किती वेळ गेला तो घड्याळ लावून मोजायचा आणि वहीत लिहायचा.

हे काम रोज बॅकअप घेणाऱ्या व्यक्तीने करू नये, असा माझा आग्रह राहील. त्या व्यक्तीच्या डोक्यात ज्या गोष्टी आहेत त्या कागदावर कधी उतरत नाहीत. प्रसंग येतो तेव्हा नेमकी तीच व्यक्ती रजेवर असते किंवा घाटात दरड कोसळून अडकलेली असते. म्हणून सराव दुसऱ्याने करावा, पहिल्याने गप्प बसून पाहावे, आणि दुसरा जेथे अडेल तेथे सूचनांच्या कागदात भर घालावी. तो कागद छापील असावा आणि त्याची एक प्रत एखाद्या विश्वस्ताच्या घरी असावी. सूचना सर्व्हरमध्येच ठेवणे म्हणजे विहिरीत पडल्यावर लागणारा दोर विहिरीतच ठेवण्यासारखे आहे.

प्रणाली उभी राहिली, की तपासणीचा आधार कागदच असावा. ओपीडीच्या वहीतून कोणतीही दहा नावे काढावीत, काही जुनी, काही कालची, निदान दोन-तीन जोडाक्षरांची, आणि ती पडद्यावर वाचून पाहावीत. शेवटच्या आंतररुग्णाचा क्रमांक, शेवटच्या पावतीचा क्रमांक आणि एखाद्या दिवसाची देणग्यांची बेरीज पावतीपुस्तकाशी जुळते का, ते पाहावे. एखादा एक्स-रे उघडावा. एक डिस्चार्ज कार्ड छापून काढावे. फरक निघाला तर तो लपवू नये, विश्वस्तांपुढे ठेवावा. पहिल्या एक-दोन सरावांत काही ना काही अडेल, अशी माझी खात्री आहे. ते तेव्हाच अडावे यासाठीच हा खटाटोप आहे.

दोन आक्षेप मला आधीच ऐकू येत आहेत. पहिला असा, की सर्व्हरमध्ये एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिले जाते, मग आणखी काय हवे? ती सोय एक डिस्क बिघडली तर काम चालू राहावे म्हणून आहे आणि ती चांगलीच आहे. पण एखादी नोंद चुकून पुसली गेली, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. गिटलॅबकडे दुय्यम सर्व्हर होताच. दुसरा आक्षेप असा, की आता सर्व काही क्लाउडवर ठेवले की काळजी मिटली. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतील संगणकच. तेथील प्रत बाहेरगावी असते हा मोठा लाभ आहे आणि तो आपण घ्यावा. पण कशेळ्याच्या इंटरनेटच्या वेगाने संपूर्ण प्रत खाली उतरवायला किती वेळ लागतो, हे कोणत्याही पुरवठादाराच्या माहितीपत्रकात छापलेले नसते. ते येथेच, पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी मोजावे लागेल.

रुग्णांच्या कुटुंबीयांना वेगळी शंका येईल आणि ती रास्त आहे : आमच्या आजाराची माहिती अशी दुसऱ्या संगणकावर चढवली, तर ती बाहेर फुटणार नाही का? सरावाचा संगणक बंद खोलीत राहील, त्याला बाहेरची जोडणी नसेल आणि तपासणी संपली की दोन व्यक्तींच्या समक्ष त्यावरील माहिती पूर्णपणे पुसून तशी नोंद वहीत केली जाईल. बाहेर ठेवलेली डिस्कही कुलूपबंद स्वरूपातच असेल. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती सांभाळणाऱ्यावर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी टाकलेली आहे. परंतु कायदा नसता तरीही, वाडीवरील एखाद्या बाईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर जाऊ न देणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच ठरले असते.

विश्वस्तांनी आणखी दोन गोष्टी ठरवून द्याव्यात. त्या तंत्रज्ञाने ठरवायच्या नाहीत. किती काळाच्या नोंदी गमावणे आपल्याला परवडेल, हा पहिला प्रश्न. बॅकअप रात्री एकदाच होत असेल आणि सर्व्हर संध्याकाळी पाचला गेला, तर त्या दिवसाची संपूर्ण ओपीडी गेली असे समजावे लागेल. हे मान्य नसेल, तर दुपारी आणखी एक बॅकअप घ्यावा लागेल. दुसरा प्रश्न, किती वेळात आपण पुन्हा उभे राहिले पाहिजे? लेखा विभाग दोन दिवस थांबू शकेल, प्रसूतिकक्ष थांबणार नाही. म्हणून प्रसूतिकक्षात आणि अपघात विभागात कोरे छापील केसपेपर, रक्तगटाची वही आणि पेन कायम हाताशी असावे. दिल्लीच्या त्या मोठ्या संस्थेचे कामही त्या दिवसांत कागदावरच चालले होते. आपल्या नव्या परिचारिकांना हाताने केसपेपर कसा भरायचा, हेही सरावाच्या त्याच सकाळी दाखवून घ्यावे, असे मी सुचवतो.

खर्चाविषयी एवढेच सांगतो, की यात फार मोठी रक्कम गुंतलेली नाही. मोलाची गोष्ट आहे ती कर्मचाऱ्यांची सकाळ. कामाच्या गर्दीत ती पहिल्यांदा पुढे ढकलली जाईल आणि मग ढकललीच जात राहील. म्हणून या सरावांच्या तारखा वर्षाच्या आरंभीच ठरवून फलकावर लावाव्यात आणि पुढील वार्षिक अहवालात जेथे शस्त्रक्रियांची व प्रसूतींची संख्या छापली जाते, तेथेच चार ओळींचा एक तक्ता असावा : सरावाची तारीख, लागलेला वेळ, कागदाशी जुळलेल्या नोंदी आणि न जुळलेल्या नोंदी. देणगीदारांनी तो तक्ता वाचावा आणि एखादा रकाना कोरा दिसला, तर सभेत उठून विचारावे.

पहिला सराव मृगाच्या आधी व्हावा, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी लागणारी दहा नावे मी निवडणार नाही. ती केसपेपर खिडकीवरील आणि प्रसूतिकक्षातील भगिनींनी आपापल्या वह्यांतून काढावीत आणि त्यांत वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबांतील निदान चार नावे असावीत.